जीसी बदलायच्या आधी रिक्वेस्ट कुठे अडकते ते बघ

तू विचारलंयस ते थोडक्यात असं की हॉटेल बुकिंगची सिस्टिम आहे, नऊ-दहा स्प्रिंग बूट सर्व्हिस, जावा १७, सगळं कुबरनेटीसवर (कंटेनर चालवणारी यंत्रणा), एकेका पॉडला, म्हणजे सर्व्हिसच्या एकेका चालत्या प्रतीला, अर्धा सीपीयू आणि १ जीबी मेमरी, एरवी बरं चालतं पण शुक्रवारी संध्याकाळी सगळा देश गोव्यात यायला निघाला की रूम बुक करताना चार-पाच सेकंद नुसतं गोल फिरत राहतं. आणि ऑफिसात वाद चाललाय, जी-वन गार्बेज कलेक्टर (जावाची नको झालेली मेमरी साफ करणारा, म्हणजे जीसी) ठेवायचा की झेडजीसी हा दुसरा घ्यायचा, ताई तुम्ही काय ते सांगा.

सांगते, पण आधी एक गंमत. तुमच्याकडे जी-वन चालतच नाहीये.

जावा ९ पासून जी-वन डीफॉल्ट आहे हे सगळ्यांना पाठ असतं, पण जेव्हीएम, म्हणजे जावाचा कोड चालवणारा प्रोग्रॅम, चालू होताना आधी मशीन बघतो, आणि दोनपेक्षा कमी सीपीयू किंवा साधारण १७९२ एमबीपेक्षा कमी मेमरी दिसली की त्याला ते मशीन सर्व्हरच्या लायकीचं वाटत नाही आणि तो गुपचूप सिरियल कलेक्टर घेतो. तुमचा अर्धा सीपीयू त्याला वरच्या बाजूला राउंड होऊन एक दिसतो, मेमरी १ जीबी, म्हणजे दोन्ही अटींत नापास. शिवाय हीपचा, म्हणजे जावाच्या ऑब्जेक्टना मिळणाऱ्या मेमरीचा, आकडा दिला नसेल तर कंटेनरच्या मेमरीचा पाव हिस्सा धरतो, म्हणजे २५६ एमबी. पैसे १ जीबीचे भरताय आणि संसार चाललाय पाव जीबीत. डॉकरफाइलमध्ये कोणी फ्लॅग घालून ठेवले असतील तर गोष्ट वेगळी, म्हणून पॉडमध्ये शिरून जावाला प्रिंटफ्लॅग्जफायनल लावून व्हर्जन विचार आणि त्या भल्यामोठ्या आउटपुटमधून यूजसिरियलजीसी आणि मॅक्सहीपसाइझ या दोन ओळी शोध. मी आजवर जेवढ्या टीममध्ये हे करायला लावलंय तिथे निम्म्या वेळा तरी लोकांचे चेहरे बघण्यासारखे झालेत.

मग मॅक्सरॅमपर्सेंटेज, म्हणजे मेमरीतला हीपचा टक्का, ७० च्या आसपास ठेव. ९० करू नकोस, कारण हीपच्या बाहेर पण जेव्हीएमचा बराच पसारा असतो, मेटास्पेस, कोड कॅश, प्रत्येक थ्रेडचा स्टॅक जो लिनक्सवर १ एमबीपर्यंत जाऊ शकतो, नेटी वापरत असाल तर त्याचे डायरेक्ट बफर. हे सगळं मिळून लिमिटच्या वर गेलं की कर्नल पॉड मारतो, एक्झिट कोड १३७, लॉगमध्ये एक अक्षर सापडत नाही आणि मग रात्रभर शोधत बसायचं. हे दहा मिनिटांचं काम आहे, आजच करून टाक. सिरियलबद्दल पण फार वाईट वाटून घेऊ नको, छोट्या हीपला आणि एका सीपीयूला तो काही वाईट नाही. जीसीचा लॉग चालू कर, एक दिवस ठेव, पॉज, म्हणजे साफसफाईसाठी सगळं किती वेळ थांबतं ते, बघ. वीस-तीस मिलिसेकंदांचे दिसले तर पाच सेकंदांचा चोर तिथे नाही एवढं नक्की कळलं आणि तो वाद मिटला.

कारण मायक्रोसर्व्हिसमध्ये रिक्वेस्टचा बहुतेक वेळ काम करण्यात जातच नाही, रांगेत उभं राहण्यात जातो. डेटाबेसच्या कनेक्शनची रांग, दुसऱ्या सर्व्हिसच्या उत्तराची रांग, सीपीयूचा नंबर लागायची रांग. तू काही ट्यून करायच्या आधी रांग कुठली ते शोधायचं, आणि त्याला महागडं टूल लागत नाही.

शुक्रवारी त्रास चालू असताना, नंतर नाही, चालू असतानाच, बुकिंगच्या एका पॉडचे तीन थ्रेड डंप (त्या क्षणी कुठला थ्रेड कोडच्या कुठल्या ओळीवर आहे त्याची यादी) काढ, पाच-पाच सेकंदांच्या अंतरानं. इमेजमध्ये फक्त जेआरई असेल आणि डंप काढायचं जेस्टॅक नसेल तरी अडत नाही, प्रोसेसला किल वजा तीन दे, नावाला किल आहे पण मरत काही नाही, सगळा डंप पॉडच्या लॉगमध्ये येऊन पडतो. मग त्यात एचटीटीपी-निओ नावाचे रिक्वेस्ट हाताळणारे जे थ्रेड आहेत, टॉमकॅट या वेब सर्व्हरला डीफॉल्ट २०० पर्यंत असतात, ते कुठल्या ओळीवर उभे आहेत ते मोज. खरंच मोज, कागदावर रेघा ओढून मोजलंस तरी चालेल. तिन्ही डंपमध्ये शंभर थ्रेड हिकारीपूलच्या (डेटाबेसची कनेक्शन सांभाळून वाटणारी लायब्ररी) गेटकनेक्शनवर दिसले तर एक अर्थ, सॉकेट रीडवर दिसले तर दुसरा, आणि बरेच जण रनेबल असून पण पुढे सरकत नसतील तर तिसरा.

तुमच्या लक्षणांवरून मला पहिला वाटतोय, म्हणून त्याच्यावर जास्त बोलते, शिवाय याच ठिकाणी मी स्वतः एकदा तोंडावर आपटलेय.

आधीच्या एका कंपनीत, नाव राहू दे, अशीच बुकिंगची सर्व्हिस होती, चार पॉड, प्रत्येकाचा हिकारी पूल डीफॉल्ट म्हणजे १० कनेक्शनचा. गर्दीच्या वेळी रिक्वेस्ट कनेक्शनसाठी ताटकळायच्या आणि तीस सेकंदांनी टाइमआउट व्हायच्या, कारण हिकारीचा कनेक्शन टाइमआउट पण डीफॉल्ट तीस सेकंद. मी म्हटलं सोपं आहे, पूल ५० करू. चार पॉड गुणिले ५० म्हणजे २००, आणि पोस्टग्रेस डेटाबेसची मॅक्स कनेक्शन्स डीफॉल्ट १००. हिकारी तर मिनिमम आयडल वेगळं सांगितलं नाही तर पूल भरूनच ठेवतो, त्यामुळे पहिले दोन पॉड वर आले आणि तिसऱ्याला दारातच हाकललं, आणि बुकिंगच नाही तर त्याच डेटाबेसवरच्या बाकीच्या दोन सर्व्हिस पण झोपल्या. त्यात ती चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीची शेवटची कामाची संध्याकाळ, अर्धी टीम माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचं) सामान आणायला बाजारात, उरलेले आम्ही दोघं.

चोडणच्या फेरीचं उदाहरण मी तेव्हापासून सगळ्यांना देते. रायबंदरच्या धक्क्यावर गाड्यांची रांग लागलीय, फेरीत मावतात तेवढ्याच गाड्या मावणार आणि पलीकडे जाऊन यायला लागतो तेवढाच वेळ लागणार. मग रांग कमी करायला काय बदलायचं? धक्का मोठा करून फायदा नाही, जास्त गाड्या उभ्या राहतील एवढंच. एकतर फेऱ्या वाढवा, ज्याला डेटाबेस पुरा पडला पाहिजे, नाहीतर एका फेरीला लागणारा वेळ कमी करा. लोक पहिल्याच्या मागे लागतात, पण पैसा दुसऱ्यात आहे.

हिशोब सोपा आहे, लिटलचा नियम म्हणतात त्याला, जॉन लिटलनं १९६१ मध्ये सिद्ध केलेला. एकाच वेळी आत असलेले म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा वेळ. आमच्या कोडमध्ये बुकिंग कन्फर्म करणाऱ्या मेथडवर ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनोटेशन होतं म्हणजे पूर्ण मेथड एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चालायची, आणि त्या मेथडच्या पोटात पेमेंट गेटवेला कॉल होता, ज्याला गर्दीत दोन सेकंद लागायचे. म्हणजे ते दोन सेकंद कनेक्शन हातात धरून आम्ही डेटाबेसशी काही न बोलता उभे. १० कनेक्शन भागिले २ सेकंद, एका पॉडमधून सेकंदाला ५ बुकिंग, संपलं. तू जीसी बदल, जावा बदल, मशीन बदल, ते ५ चे ६ होणार नाहीत.

उपाय म्हणजे त्या मेथडचे तुकडे केले. आधी छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये रूम पेंडिंग म्हणून अडकवायची, वीस मिलिसेकंद, कनेक्शन परत. मग गेटवेशी बोलायचं, हातात कनेक्शन नाही. मग दुसऱ्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये कन्फर्म करायचं, आणखी वीस. कनेक्शन धरण्याचा वेळ २ सेकंदांवरून ४० मिलिसेकंदांवर, म्हणजे त्याच दहा कनेक्शनमध्ये कागदावर तरी सेकंदाला २५०. पूल आम्ही परत १० वर आणला.

पण हे करताना तीन खड्डे आहेत आणि मी तिन्हीत पडलेय. एक, तुकडे करून त्याच क्लासमध्ये ठेवले आणि एका मेथडनं दुसरीला सरळ हाक मारली तर ट्रान्झॅक्शन उघडणारा स्प्रिंगचा प्रॉक्सी मध्ये येतच नाही, त्यामुळे आतल्या मेथडवरचं ट्रान्झॅक्शनल नुसतं शोभेला, वेगळ्या बीनमध्ये काढ किंवा ट्रान्झॅक्शन टेम्प्लेट वापर. दुसरा खड्डा ओपन-इन-व्ह्यूचा. स्प्रिंग बूटमध्ये हे डीफॉल्ट चालू असतं, स्टार्ट होताना त्याची वॉर्निंग पण येते जी कोणी वाचत नाही, आणि त्याचा परिणाम असा की रिक्वेस्टनं एकदा कनेक्शन घेतलं की पूर्ण रिस्पॉन्स जाईपर्यंत ते सुटत नाही, तू ट्रान्झॅक्शनचे कितीही तुकडे कर. मी तुकडे केले, डिप्लॉय केलं, फरक शून्य, दोन दिवस डोकं धरून बसले आणि शेवटी प्रॉपर्टीजमध्ये ती एक ओळ फॉल्स केली. केल्यावर ठिकठिकाणी लेझी इनिशिअलायझेशन एक्सेप्शन फुटायला लागली, ती फुटू दे, स्टेजिंगवर, ती प्रत्येक जागा म्हणजे जेसन बनवताना कोणाच्या नकळत डेटाबेसला जाणारी क्वेरी आहे आणि तुझ्या एन-प्लस-वनची (एका क्वेरीच्या जागी प्रत्येक ओळीमागे एकेक क्वेरी) आयती यादी तुला फुकट मिळतेय.

तिसरा खड्डा पैशाचा. ट्रान्झॅक्शन एकच होतं तेव्हा निदान डेटाबेसच्या बाजूनं सगळं किंवा काहीच नाही असं होतं. आता मधल्या वेळेत पॉड मेला तर पैसे कापले गेले आणि रूम पेंडिंगच राहिली असं होऊ शकतं. म्हणून दर मिनिटाला जुनी पेंडिंग बुकिंग उचलून गेटवेला स्टेटस विचारणारा एक जॉब हवा, आणि गेटवेला प्रत्येक वेळी तोच ऑर्डर नंबर गेला पाहिजे म्हणजे दोनदा पैसे कापले जाणार नाहीत. हे केल्याशिवाय तो बदल प्रॉडक्शनला नेऊ नकोस, स्लो चाललेलं गिऱ्हाईक परत येतं, दोनदा पैसे गेलेलं येत नाही.

आता समज डंपमध्ये थ्रेड सॉकेट रीडवर सापडले. म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी उत्तराची वाट बघतायत, आणि मग पहिला प्रश्न टाइमआउट किती आहे हा. दुसऱ्या सर्व्हिसला हाक मारायचं स्प्रिंगचं रेस्टटेम्प्लेट नुसतं न्यू करून वापरलं तर टाइमआउट नसतोच, समोरचा बोलेपर्यंत हा ताटकळणार. अपाचीचा एचटीटीपी क्लायंट लावला असेल तर आणखी एक रांग लपलेली असते, त्याचा स्वतःचा कनेक्शन पूल, आणि जुन्या ४ व्हर्जनमध्ये एका पत्त्याला डीफॉल्ट फक्त २ कनेक्शन, एकूण २०, नव्या ५ मध्ये ५ आणि २५. प्राइसिंग सर्व्हिसचा डॅशबोर्ड म्हणतो मी दहा मिलिसेकंदांत उत्तर देते, बुकिंगवाले म्हणतात आम्हाला आठशे लागतात, दोन टीम भांडतायत आणि दोघंही खरं बोलतायत, उरलेला वेळ त्या दोन कनेक्शनच्या दारात जातोय.

सर्चच्या पानावर एकदा नजर टाक, तीस हॉटेल दाखवताय आणि लूपमध्ये प्रत्येकासाठी प्राइसिंगला कॉल जातोय असं असणारच, सगळीकडे असतं. पंधरा मिलिसेकंद गुणिले तीस, साडेचारशे तिथेच गेले. तीस आयडी एकदम घेणारा एक कॉल कर. याला पॅरलल स्ट्रीम लावायचा मोह होतो पण एका सीपीयूच्या पॉडमध्ये कॉमन पूलला, म्हणजे तो वापरतो त्या सामाईक साठ्याला, असून असून थ्रेड किती असणार.

रिट्राय कोणी कुठे लावलेत ते पण तपास. दारातल्या गेटवे सर्व्हिसमध्ये (पेमेंटच्या नव्हे) तीन प्रयत्न, बुकिंगमध्ये तीन, प्राइसिंगमध्ये तीन, की खालच्या बिचाऱ्या डेटाबेसवर एका क्लिकचे २७ होतात, आणि ते नेमके तो आधीच दमलेला असताना. रिट्राय एकाच थरात ठेव, आणि बाहेरच्याचा टाइमआउट आतल्यापेक्षा मोठा ठेव, उलटं असलं तर वरचा कंटाळून निघून जातो आणि खालचा कोणाला नको असलेलं उत्तर बनवत बसतो. सर्किट ब्रेकर, म्हणजे समोरची सर्व्हिस सारखी पडत असेल तर तिला हाक मारणं तात्पुरतं बंद करणारा, रेझिलिअन्स-फोर-जे चा लाव, जुन्या कोडमध्ये तेच काम करणारा हिस्ट्रिक्स दिसला तर तो २०१८ पासून मेंटेनन्सवर आहे, काढ.

तिसरी रांग सीपीयूची, आणि ही सगळ्यात लबाड, कारण ग्राफवर दिसत नाही. अर्धा सीपीयू लिमिट याचा अर्थ लिनक्स दर १०० मिलिसेकंदांत तुला ५० मिलिसेकंद देतो. पण नोडला कोअर भरपूर असतात, तुझे चार थ्रेड एकदम पळायला लागले की ते ५० मिलिसेकंद साडेबारात खाऊन संपतात आणि उरलेले साडेसत्त्याऐंशी मिलिसेकंद पूर्ण पॉड पुतळ्यासारखा उभा, हेल्थ चेकसकट. मिनिटाच्या सरासरीत सीपीयू तीस टक्केच दिसतो आणि मॅनेजर म्हणतो बघा, सीपीयू तर रिकामा आहे. सीग्रुपच्या सीपीयू डॉट स्टॅट फाइलीत एनआर-थ्रॉटल्ड, म्हणजे किती वेळा सीपीयू अडवला गेला, हा आकडा बघ, तो भराभर वाढत असेल तर लिमिट वाढव किंवा काढून फक्त सीपीयूची रिक्वेस्ट (पॉडसाठी राखून ठेवायचा वाटा) ठेव. लिमिट काढावी की नाही यावर लोक हमरीतुमरीवर येतात, माझं मत विचारशील तर जावाला तरी छोटे छोटे दहा पॉड देण्यापेक्षा दोन सीपीयू आणि २ जीबीचे तीन-चार द्यावेत. कूबरनेटीसवाल्यांना आवडत नाही, पण मग जेव्हीएम आपोआप जी-वन घेतो, जेआयटी कंपायलरला, म्हणजे चालता चालता कोड वेगवान करणाऱ्याला, श्वास घ्यायला जागा मिळते, आणि पॉड कमी म्हणजे डेटाबेसवरची एकूण कनेक्शन पण कमी.

जेआयटीवरून आठवलं, ऑटोस्केलिंगवर फार भिस्त ठेवू नको. गर्दी झाली म्हणून नवा पॉड येतो तेव्हा तो थंड असतो, क्लास लोड होतायत, कोड अजून इंटरप्रिटरमध्ये चाललाय, कंपायलरचे थ्रेड त्याच अर्ध्या सीपीयूसाठी भांडतायत, आणि रेडीनेस प्रोब (पॉड तयार आहे का ही तपासणी) हिरवा झाल्या झाल्या त्याच्यावर पूर्ण लोड येतो. त्यात लिव्हनेस प्रोब (पॉड जिवंत आहे का ही तपासणी) कडक असला तर तो त्याला मारतो आणि परत पहिल्यापासून. शुक्रवार दर आठवड्याला येतो रे, लाँग वीकेंड कॅलेंडरमध्ये छापलेले असतात, दुपारी तीनलाच पॉड वाढवून ठेवायचे, यात कसला कमीपणा नाही.

जावा २१ आणि व्हर्च्युअल थ्रेडचं (जेव्हीएमनंच सांभाळलेले हलके थ्रेड) तू शेवटी विचारलंयस. चांगले आहेत, स्प्रिंग बूट ३.२ पासून एका प्रॉपर्टीनं चालू होतात, बाहेरच्या सर्व्हिसची वाट बघणारे थ्रेड खूप असतील तर टॉमकॅटची २०० ची मर्यादा आड येत नाही. पण फेरी तेवढीच आहे हे विसरू नको. आधी दोनशे रिक्वेस्ट दहा कनेक्शनसाठी भांडत होत्या, आता पाच हजार भांडतील, म्हणजे धक्का मोठा केलास. आणि २१ मध्ये सिंक्रोनाइज्ड ब्लॉकच्या आत थांबलेला व्हर्च्युअल थ्रेड खालचा खरा थ्रेड पण अडकवून ठेवतो, ते २०२५ च्या जावा २४ मध्ये सुटलं, तोवर जुनी जेडीबीसी ड्रायव्हर वापरत असाल तर जपून. आधी कनेक्शन धरायचा वेळ कमी कर, मग ये याच्याकडे.

मोजण्याबद्दल दोनच गोष्टी. चार पॉडचे चार पी ९९ (शंभरातल्या नव्व्याण्णव रिक्वेस्ट जेवढ्या वेळात होतात तो आकडा) घेऊन त्यांची सरासरी काढू नको, त्या आकड्याला काही अर्थ नसतो, आकडे गोळा करणाऱ्या मायक्रोमीटरमध्ये हिस्टोग्राम चालू करून बकेट एकत्र कर आणि त्यावरून काढ. आणि पी ९९ म्हणजे शंभरातला एक, सोडून द्या, असं कोणी म्हटलं तर त्याला सांग की एक पान दहा सर्व्हिसना हाक मारतं, प्रत्येकीचा शंभरातला एक कॉल स्लो, तर स्लो पान जवळजवळ दहातलं एक पडतं. दुसरी, जेमीटरनं लोड टेस्ट करता तेव्हा ठरावीक युजर ठेवले की सर्व्हर अडकला की टेस्ट पण थांबते, पुढची रिक्वेस्ट पाठवतच नाही, म्हणजे नेमक्या वाईट क्षणी लोड कमी होतो आणि रिपोर्ट छान येतो. खरी माणसं अशी थांबत नाहीत, म्हणून युजरची संख्या नाही तर सेकंदाला येणाऱ्या रिक्वेस्ट ठरवून टेस्ट कर. आणि ऑफिसच्या वायफायवरून करू नको, पहिल्या पावसात लाइट गेली की तुझे ग्राफ बघून सगळे घाबरतील, आमच्याकडे झालंय.

तर उद्या ओपन-इन-व्ह्यू आणि मॅक्सहीपसाइझ बघ, कोडमध्ये ट्रान्झॅक्शनलच्या पोटात एचटीटीपी कॉल कुठे कुठे आहेत ते ग्रेप करून काढ, आणि शुक्रवारी सात-साडेसातला ते तीन डंप. दोनशेपैकी किती थ्रेड गेटकनेक्शनवर उभे होते आणि किती सॉकेट रीडवर, एवढे दोन आकडे मला कळव, डंप अख्खा पाठवू नको, माझ्या फोनवर उघडत नाही.